नाकातला आवाज, मशीनचा आकडा आणि पुढचे उपचार – वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मुलं उशिरा बोलायला लागतात त्यावर लिहिलं होतं आणि शेवटी शेवटी नाकातून बोलणाऱ्या मुलांचा दोन ओळींत उल्लेख केला होता. पत्रं आणि मेसेज आले ते बहुतेक सगळे त्या दोन ओळींवरच, म्हणून ह्यावेळी फक्त तेच प्रश्न घेतलेत. नावं छापत नाहीये, कुठून विचारलंय तेवढंच दिलंय.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते म्हणजे प्रत्येक उत्तरात परत सांगायला नको. तोंडात वरच्या बाजूला पुढे कडक टाळू असतो, मागे मऊ टाळू आणि त्याच्या टोकाला पडजीभ. आपण प, ट, क, स असं काही बोलतो तेव्हा मऊ टाळू उचलला जाऊन घशाच्या मागच्या भिंतीला टेकतो आणि नाकाकडची वाट बंद होते. म, न, ण बोलताना तो खाली येतो आणि आवाज नाकातून जातो. ही झडप बोलताना सतत उघडझाप करत असते. ती नीट बंद होत नसेल तर सगळंच बोलणं नाकातून यायला लागतं, आणि उलट नाकच चोंदलेलं असेल तर ‘मामा’चं ‘बाबा’ व्हायला लागतं. लोक दोन्हीला ‘नाकात बोलतो’ असंच म्हणतात पण दोन्हीचे उपचार एकदम उलटे आहेत.

प्रश्न (कांदिवली) : मॅडम, माझ्या मुलाचा टाळू जन्मापासून दुभंगलेला होता, अकराव्या महिन्यात ऑपरेशन झालं. आता तो साडेपाच वर्षांचा आहे, हुशार आहे पण बोलणं नाकातून येतं आणि बाहेरच्यांना कळत नाही. परवा नेझोमीटर टेस्ट केली, रिपोर्टमध्ये ‘नेझलन्स ४६ टक्के’ लिहिलंय. म्हणजे निम्मं बोलणं नाकातून का? डॉक्टर म्हणतात आता नाकातून दुर्बीण घालून बघू आणि मग दुसरं ऑपरेशन ठरवू. मिस्टर म्हणतात मशीनने सांगितलंय ना, मग अजून टेस्ट कशाला. सासूबाई म्हणतात मोठा झाला की आपोआप सुधारेल. कोणाचं ऐकू?

ताई, आधी त्या ४६ टक्क्यांची भीती काढून टाका, त्याचा अर्थ निम्मं बोलणं बिघडलंय असा होत नाही. ती टेस्ट तुम्ही बघितली असेलच, डोक्याला पट्टा बांधतात, त्याला पुढे एक आडवी प्लेट असते आणि ती नाकाच्या खाली वरच्या ओठावर टेकवतात. प्लेटच्या वर एक माइक, खाली एक माइक. वरचा नाकातून आलेला आवाज घेतो, खालचा तोंडातून आलेला, आणि मशीन हिशेब करतं की नाक आणि तोंड मिळून जेवढी आवाजाची ताकद आली त्यातला नाकाचा वाटा किती. तो वाटा म्हणजे नेझलन्स. अमेरिकेत सॅम्युएल फ्लेचर ह्यांनी १९७० च्या सुमारास ‘टोनार’ नावाचं यंत्र तयार केलं, त्याच कल्पनेवर पुढे १९८० च्या दशकात नेझोमीटर बाजारात आला आणि आज तो जगभर वापरला जातो.

आता तुमच्या रिपोर्टमध्ये सगळ्यात आधी काय बघायचं, तर मुलाकडून कुठली वाक्यं म्हणून घेतली होती. आकड्याचा सगळा अर्थ त्यावर आहे. इंग्रजीत ह्यासाठी ठरलेले उतारे आहेत, एकात म-न सारखे आवाज अजिबात नसतात, त्यावर नीट बोलणाऱ्या माणसाचा आकडा सरासरी १५-१६ च्या आसपास येतो. दुसऱ्या वाक्यांत म-न ठासून भरलेले असतात, त्यावर त्याच माणसाचा आकडा ६० च्या वर जातो आणि तो अगदी नॉर्मल असतो. म्हणजे तुमच्या मुलाने ‘मामा मुंबईहून निघाले’ म्हटलं असेल तर ४६ मुळीच जास्त नाहीत, आणि ‘बाबा, पाटी पुसा’ म्हटलं असेल तर मात्र जास्तच आहेत. रिपोर्टवर वाक्यं लिहिलेली नसतील तर टेस्ट करणाऱ्यांना फोन करून विचारून घ्या, सांगतात.

शिवाय इंग्रजीचे आकडे मराठी मुलाला जसेच्या तसे लावायचे नसतात. भाषा बदलली, स्वर बदलले की आकडा हलतो, ‘ई’ वर तो ‘आ’ पेक्षा जास्तच येतो. दुभंगलेला टाळू असलेल्या आणि नसलेल्या मराठी मुलांच्या नेझलन्सची तुलना करणारा पेपर २००२ सालीच छापून आलाय, म्हणजे आपल्याकडे हा विचार झालेला आहे, त्यामुळे ‘मराठीत कशावर तपासलं?’ हे विचारायला अजिबात संकोच करू नका. त्या दिवशी त्याला सर्दी होती का तेही आठवा, नाक चोंदलं असेल तर आकडा खोटा खाली येतो आणि नाकात हवा खरखरत असेल तर वर जातो. पट्टा काढून परत घातला तरी चार-पाच पॉइंट इकडेतिकडे होतात, तेव्हा पुढच्या वेळी ४६ चे ४३ झाले म्हणून पेढे वाटू नका आणि ४९ झाले म्हणून रडूही नका.

मिस्टरांच्या प्रश्नाचं उत्तर असं की नेझोमीटर फक्त ऐकतं, आतलं काही त्याला दिसत नाही. झडपेला फट आहे का, मधे आहे की एका बाजूला, टाळू लांबीला कमी पडतोय की हलतच नाहीये, हे त्या आकड्यातून कळत नाही आणि ऑपरेशन कुठलं करायचं ते नेमकं ह्यावरच ठरतं. म्हणून दुर्बीण. नाकात बधिर करायचं औषध घालतात, मग बॉलपेनच्या रिफिलएवढी बारीक लवचिक नळी आत सरकवतात आणि मुलाला ‘पापापा’, ‘सासासा’, ‘काका पुस्तक ठेवा’ असं बोलायला लावतात. झडप बोलताना बघायची असते म्हणून मूल जागं आणि बोलतं असावं लागतं, साडेपाच वर्षांचं मूल नीट समजावून सांगितलं तर बहुतेक वेळा करू देतं. घरी आठवडाभर आधी खेळ खेळा, चड्डीची सुती नाडी नाकाजवळ धरायची आणि न हलता ‘पापापा’ म्हणायचं. तुम्ही स्वतः घाबरलेल्या चेहऱ्याने आत गेलात तर तोही घाबरेल. काही ठिकाणी ह्याच्या जोडीला व्हिडिओ एक्स-रे काढतात, बोलता बोलता टाळू बाजूने कसा हलतो ते त्यात दिसतं.

त्यानंतर मग सर्जन ठरवतात. टाळू लांब आणि स्नायू नीट जोडायचे राहिले असतील तर फर्लो पद्धतीने परत टाळू शिवतात, मधे मोठी फट असेल आणि घशाच्या बाजूच्या भिंती चांगल्या हलत असतील तर मागच्या भिंतीचा पदर टाळूला जोडतात, बाजूच्या भिंती हलत नसतील तर दुसरी पद्धत. पदर जोडल्यावर काही मुलांना घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं होऊ शकतं, त्यामुळे आत्ता तो घोरतो का, टॉन्सिल मोठे आहेत का हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

सासूबाईंना प्रेमाने सांगा की हे वयाने बरं होत नाही. उलट लहान मुलांत नाकाच्या मागे ॲडेनॉइडची गाठ असते, टाळू तिलाच टेकून काम भागवत असतो, आणि वय वाढतं तशी ती गाठ आटते, म्हणजे फट वाढूही शकते. शाळेत जायचं वय आहे, बाकीची मुलं चिडवायला लागायच्या आत हे झालं तर बरं, साधारण मूल चार ते सहा वर्षांचं असताना हे दुसरं ऑपरेशन करतात.

आणि एक फार महत्त्वाचं. तोंडात हवा साठतच नाही म्हणून अशी बरीच मुलं लहानपणीच एक सवय लावून घेतात, प-ट-क घशातच अडवून बोलतात, ‘पपई’ म्हणताना ‘अअई’ असं काहीतरी ऐकू येतं. ऑपरेशनने झडप बंद होते पण सवय तशीच राहते, ती फक्त स्पीच थेरपीने जाते. उलटही तितकंच खरं, फट असेल तर थेरपीने फट भरत नाही. मला वर्षानुवर्षं सगळ्यात जास्त वाईट ह्याच मुलांचं वाटतं, ज्यांना ऑपरेशनची गरज असताना दोन-दोन वर्षं नुसते व्यायाम करायला लावलेले असतात.

प्रश्न (भांडुप) : मुलगी ६ वर्षांची, टाळू वगैरे सगळं नॉर्मल आहे असं ईएनटी म्हणाले. फक्त स आणि श बोलताना नाकातून हवा येते, बाकी सगळं स्पष्ट. एका क्लासमध्ये रोज फुगे फुगवणं, मेणबत्ती विझवणं, स्ट्रॉने पाणी बुडबुडणं असं करून घेतात, ८ महिने झाले, फरक शून्य. आता ते ‘सी-स्केप’ नावाचं उपकरण घ्यायला सांगतायत. घेऊ का?

फुगे बंद करा, आजपासून. मी चिडून सांगत नाहीये पण हे प्रत्येक पालकाला कळायला हवं, की फुंकताना टाळू जसा काम करतो तसा बोलताना करत नाही. फुगा छान फुगवणारी मुलं बोलताना नाकातून हवा सोडतात हे रोज दिसतं. फुंकण्याच्या, चोखण्याच्या, गाल फुगवायच्या व्यायामांनी नाकातलं बोलणं सुधारतं ह्याला अभ्यासातून आधार मिळालेला नाही. आठ महिने आणि फी गेली ती गेली, पण मुलीला अजून आठ महिने तेच करायला लावू नका.

तुमच्या मुलीचं वर्णन ऐकून तर मला चांगली बातमीच वाटतेय. प, ट, क स्पष्ट आहेत म्हणजे झडप बंद होते. फक्त स आणि श नाकातून येतात म्हणजे ते दोन आवाज तिने चुकीच्या जागी शिकलेत. ह्याला ऑपरेशन लागत नाही, चांगल्या थेरपीने बहुतेक वेळा जातं आणि बऱ्यापैकी लवकर जातं.

घरी एक करून बघा. तिला ‘चाक’ म्हणायला सांगा, ‘चोर’ म्हणायला सांगा. आपल्या मराठीतला हा दाताजवळचा च म्हणजे त आणि स एकत्रच असतात. हा च तिचा तोंडातून स्वच्छ येतो का बघा. येत असेल तर त्याच च चं शेपूट लांबवायचं, ‘च्स्स्स्’, सुरुवातीला नाक हलकेच चिमटीत धरून, मग सोडून. ती हवा जिभेच्या टोकावरून दातांवर येतेय हे तिला हाताच्या पाठीवर जाणवू दे. तिथून स सुटा करायचा, मग ‘सा’, ‘सी’, मग ‘ससा’. पायऱ्या थेरपिस्टने बघून ठरवायच्या, पण दिशा ही.

आता सी-स्केप. ते उपकरण वाईट नाही, साधं आहे. एक टोक नाकपुडीला लावायचं, नळीच्या दुसऱ्या टोकाला उभी प्लॅस्टिकची नळकांडी आणि तिच्यात फोमचा हलका तुकडा, नाकातून हवा आली की तो वर उडतो. मुलांना ते आवडतं कारण दिसतं. पण ते दाखवतं फक्त, शिकवत नाही. स कसा काढायचा हे शिकवणारं कोणी असेल तर त्याच्या हाताखाली ह्याचा उपयोग आहे. नसेल तर तेच काम एका जाड स्ट्रॉने होतं, एक टोक तिच्या नाकपुडीशी, दुसरं तिच्याच कानाशी, नाकातून हवा आली की तिला स्वतःलाच मोठ्ठं ऐकू येतं. पैसे वाचवा आणि थेरपिस्ट बदला.

प्रश्न (विलेपार्ले) : मुलाचं ॲडेनॉइडचं ऑपरेशन झालं, घोरणं थांबलं, पण तेव्हापासून आवाज नाकातून यायला लागलाय आणि पाणी पिताना कधी कधी नाकातून बाहेर येतं. ३ महिने झाले. थांबू का अजून?

नका थांबू. ऑपरेशननंतर काही आठवडे असं होणं समजू शकतो, दुखतं म्हणून मूल टाळू कमी हलवतं आणि मोकळी झालेली जागा भरून काढायला टाळूला थोडा वेळ लागतो. तीन महिन्यांनंतरही आहे आणि पाणी नाकात जातंय म्हणजे तपासणी हवीच.

टॉर्च लावून तुम्हीच बघा, पडजीभ टोकाला दोन भागांत फाटल्यासारखी दिसते का, टाळूच्या मधोमध निळसर पातळ पट्टा दिसतो का. कडक टाळूच्या मागच्या कडेला मधे खाच असते ती मात्र बोट फिरवून डॉक्टरच बघतील. ह्या तीन खुणा म्हणजे आतून दुभंगलेला पण वरून कातडीने झाकलेला टाळू. बाहेरून अखंड दिसतो म्हणून वर्षानुवर्षं लक्षात येत नाही, मोठ्या ॲडेनॉइडवर भागत असतं आणि गाठ काढली की उघडं पडतं. कधी कधी ह्या तिन्ही खुणा नसतात आणि फक्त दुर्बिणीतच दिसतं. जोडीला हृदयाचा जन्मजात दोष, शिकण्यात मागे पडणं, लहानपणी वारंवार इन्फेक्शन असं काही असेल तर २२क्यू११ डिलीशनची, म्हणजे बाविसाव्या गुणसूत्राचा छोटा तुकडा नाहीये का ह्याची, जनुकीय तपासणी करायला सांगतात. ती महत्त्वाची, कारण त्यात मानेतली मोठी रक्तवाहिनी कधी कधी घशाच्या मागच्या भिंतीजवळ सरकलेली असते आणि घशावर ऑपरेशन करायच्या आधी सर्जनला ते माहीत असलेलं बरं.

प्रश्न (मुलुंड) : मिस्टर ४९ वर्षांचे, बाइकवरून पडून डोक्याला मार लागला, आता चालतात-फिरतात पण बोलणं पूर्ण नाकातून आणि दमल्यासारखं. नेटवर वाचलं की सीपॅप मशीनने असं बोलणं सुधारतं. सासऱ्यांचं झोपेत लावायचं सीपॅप घरात आहेच, तेच वापरू का?

वहिनी, तुम्ही वाचलंय ते खरं आहे, पण घरातलं मशीन उचलून लावू नका. सीपॅपने बोलणं सुधारायची पद्धत अमेरिकेत १९९१ साली मांडली गेली आणि तिच्यामागचा विचार छान आहे. फक्त नाकावर मास्क लावायचा, मशीन नाकातून हवेचा दाब देतं, आणि बोलताना टाळूला त्या दाबाच्या विरुद्ध वर उचलायला लागतं, म्हणजे टाळूच्या स्नायूला वजन उचलायला लावल्यासारखं. त्यात मास्क लावून गप्प बसायचं नसतं, ठरलेले शब्द जोर देऊन म्हणायचे असतात, आणि ते असे निवडतात की टाळू आधी खाली येईल आणि लगेच वर जाईल, आपल्या ‘आंबा’, ‘पंखा’, ‘चिंता’ सारखे. आठ आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, सुरुवात दहा मिनिटांनी आणि शेवटी चोवीस मिनिटं, दाब पाण्याच्या ४ सेंटीमीटरपासून ८.५ पर्यंत हळूहळू वाढवत. २००२ साली आठ केंद्रांतल्या ४३ जणांवरचा अभ्यास छापून आला, त्यात एकूण सुधारणा दिसली पण माणसागणिक फार फरक होता, काहींना चांगला उपयोग झाला आणि काहींना काहीच नाही. थोडा अशक्त पण हलणारा टाळू असेल तिथे आशा असते. अजिबात न हलणाऱ्या टाळूला किंवा लांबीला कमी पडणाऱ्या टाळूला ह्याने फरक पडत नाही.

म्हणून आधी दुर्बिणीने बघून घ्या की टाळू किती हलतो. सासऱ्यांच्या मशीनचा दाब त्यांच्या घोरण्यासाठी लावलेला आहे, मास्कही त्यांचा, ते काही तसंच चालणार नाही.

तुमच्या केसमध्ये मला दुसऱ्या एका साधनाबद्दल जास्त वाटतंय, पॅलेटल लिफ्ट. दातांच्या कवळीसारखी प्लेट असते, वरच्या दातांना क्लिपने बसते आणि मागे एक लांबट भाग असतो तो मऊ टाळूला वर उचलून धरतो. टाळू लांबीला पुरेसा आहे पण लुळा पडलाय, अशा माणसाला ह्याचा उपयोग होतो, आणि डोक्याला मार लागल्यावर बऱ्याचदा नेमकं हेच झालेलं असतं. हे काम प्रोस्थोडॉन्टिस्टचं, म्हणजे कवळ्या-प्लेट बनवणाऱ्या दातांच्या डॉक्टरांचं, पण बाजूला स्पीच थेरपिस्ट बसायलाच हवा, कारण मागचा भाग थोडा थोडा वाढवत जायचं आणि प्रत्येक वेळी बोलायला लावून ऐकायचं, पुढे नेझोमीटर असेल तर लावून बघायचं. सुरुवातीला ओकारी येते, म्हणून पहिल्या दिवसांत थोडा थोडा वेळच घालायचं. वरचे दात मजबूत असायला हवेत. आणि टाळू कडक, ताठ झालेला असेल तर लिफ्ट टिकत नाही.

एक वेगळी सूचना, ही सगळ्यांसाठी. मोठ्या माणसाचा आवाज काही मार वगैरे न लागता अचानक नाकातून यायला लागला, सकाळी बरा आणि बोलून बोलून संध्याकाळी बिघडतो, पापण्या जड होतात, असं असेल तर स्पीच थेरपिस्टकडे नंतर या, आधी न्यूरोलॉजिस्टकडे जा. मायस्थेनियासारखे स्नायू लवकर थकवणारे आजार असे सुरू होतात आणि त्यावर औषध आहे.

प्रश्न (दादर) : मोबाइल ॲपवर नेझलन्स मोजता येतो का?

मशीनचा आकडा नाक आणि तोंड वेगळं मोजून येतो, त्याला दोन माइक आणि मधे प्लेट लागते, नुसता फोन समोर धरून तो वाटा निघत नाही. पण फोनचा एक उपयोग मी सगळ्यांना सांगते, दर महिन्याला तीच वाक्यं, तीच खोली, पंखा बंद करून, तेवढ्याच अंतरावरून रेकॉर्ड करून ठेवा. सहा महिन्यांनी लागोपाठ ऐकलं की फरक आहे की नाही ते कळतं, डॉक्टरांनाही त्याचा फार उपयोग होतो.

प्रश्न (स्पीच थेरपीची विद्यार्थिनी, मुंबई) : आमच्या पोस्टिंगमध्ये पेरिफेरल सेंटरला नेझोमीटर नाही. मशीनशिवाय तपासणी कमी दर्जाची ठरते का?

अजिबात नाही, आणि हे मनातून काढून टाक. नाकातलं बोलणं आहे का आणि किती आहे हा निर्णय शेवटी शिकलेल्या कानाचाच असतो, जगभर आकडा त्याच्या जोडीला घेतात. कान आणि मशीन एकमेकांशी जुळले नाहीत तर आधी वाक्यं तपास, मग नाक चोंदलंय का बघ, मग कॅलिब्रेशन.

तुझ्या बॅगेत स्टीलचा छोटा आरसा, स्ट्रॉ किंवा सक्शन कॅथेटरचा तुकडा, टॉर्च आणि ग्लोव्हज असू दे. आरसा थंड असायला हवा, मुंबईच्या दमटपणात गार पाण्यात बुडवून कोरडा करून घेतलास तर वाफ नीट दिसते. नाकाखाली धर, ‘पापापा’, ‘काका बसा’. आणि बोलणं सुरू झाल्यावरच आरसा पुढे कर, आधी धरलास तर नुसत्या श्वासानेच धुरकट होतो आणि मग तू चुकीचं नोंदवशील. मग चिमटीची परीक्षा, ‘दादा, खिडकी उघड’ एकदा नाक मोकळं ठेवून आणि एकदा चिमटीत धरून. दोन्ही वेळा सारखंच ऐकू आलं तर झडप बंद होतेय, बदललं तर हवा नाकात जातेय. ‘मामा मुंबईहून निघाले’ वर उलट, नाक धरल्यावर बदलायलाच हवं, बदललं नाही तर नाक आधीच बंद आहे. सर्दी-ॲडेनॉइड-वाकडा पडदा ही त्याची बाजू, आणि ते ईएनटीचं काम.

तुला पुढे ह्यात जायचं असेल तर दाब आणि प्रवाह मोजायची पद्धतही शीक, वॉरन आणि ड्युबॉइस ह्यांनी १९६४ साली मांडलेली. ‘हॅम्पर’ सारख्या इंग्रजी शब्दातला प बोलताना तोंडातला दाब आणि नाकातला प्रवाह मोजून फटीचं क्षेत्रफळ काढतात, २० चौरस मिलिमीटरच्या वर गेलं की झडप पुरी पडत नाही असं धरतात. आणि हो, वेगवेगळ्या कंपन्यांच्या नेझलन्स मशीनचे आकडे एकमेकांशी तोलू नकोस, दोन वेगळ्या मशीनवर त्याच माणसाचे आकडे वेगळे येतात.

प्रश्न (लालबाग) : मी ट्रम्पेट वाजवतो, लग्नसराई आणि गणपतीत तासन्‌तास. दोन वर्षांपासून तासाभरानंतर नाकातून फस्‌ फस्‌ हवा सुटते आणि वरचे सूर लागत नाहीत. बोलणं एकदम ठणठणीत. एके ठिकाणी नेझोमीटर केलं, नॉर्मल आलं, मला म्हणाले मनाचे खेळ आहेत.

दादा, मनाचे खेळ नाहीत हे. फुंकवाद्यं वाजवणाऱ्यांत हे होतं हे वैद्यकात नोंदलेलं आहे. बोलताना तोंडात हवेचा दाब पाण्याच्या पाच-दहा सेंटीमीटरएवढा असतो, ट्रम्पेटवर वरचा सूर जोरात लावताना तो त्याच्या दहापट आणि त्याहूनही पुढे जातो. बोलायला पुरणारी झडप थकल्यावर एवढ्या दाबापुढे टिकत नाही. नेझोमीटर बोलणं मोजतं, तुमचा त्रास वाजवताना आहे, मग त्यात सापडणार कसा?

ईएनटीकडे जाताना ट्रम्पेट घेऊन जा आणि तासभर वाजवून मगच दुर्बीण घालून घ्या, नळी नाकात असताना वाजवायचं. सर्जरीचं नाव इतक्यात काढू नका. आधी काही आठवडे विश्रांती, मग थोडा थोडा वेळ वाढवत जाणं, लांब मिरवणुकीत दोघांनी आळीपाळीने वाजवणं, सर्दी असताना वरचे सूर टाळणं आणि ओठांची बसणी उस्तादांकडून तपासून घेणं. एवढं करूनही राहिलं तर टाळूवरचे उपाय आहेत आणि त्यानंतर वाजवायला परत सुरुवात केलेले वादकही आहेत. पोटापाण्याचा प्रश्न आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ‘छंद आहे का’ असं समजून हलक्यात घेऊ देऊ नका.

प्रश्न (कुर्ला) : प्रायव्हेटमध्ये परवडत नाही. मुंबईत कुठे जायचं?

वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ सालापासून, बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीच ती केंद्र सरकारची संस्था आहे. मुंबई सेंट्रलच्या नायर हॉस्पिटलमध्ये स्पीच थेरपी विभाग आणि कॉलेज आहे, कवळी-प्लेटच्या कामासाठी तिथेच जवळ नायर डेंटल. परळला केईएम, आणि लहान मुलांसाठी वाडिया. कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये टाळूचा भाग काढावा लागलेल्यांना ती जागा भरणारी प्लेट लागते, त्यासाठी टाटा हॉस्पिटलमधल्याच डेंटल विभागात विचारा.

मूल अंगणवाडीत किंवा सरकारी, महापालिकेच्या शाळेत असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात नाव लावून घ्या, २०१३ पासून चालू आहे, दुभंगलेले ओठ-टाळू त्यातल्या आजारांच्या यादीत आहेत. टाळूच्या मोफत ऑपरेशनसाठी स्माइल ट्रेन ह्या संस्थेशी जोडलेली हॉस्पिटलंही आहेत, सर्जनच्या ओपीडीत विचारलं की सांगतात. थेरपिस्ट कुठलाही असो, त्याचा भारतीय पुनर्वास परिषदेचा रजिस्ट्रेशन नंबर विचारा, त्यात लाजायचं काही नाही.

अपॉइंटमेंट आधी फोनवर घ्या आणि पहाटे लोकल पकडायच्या आधी पिशवीत हे टाका : आधीच्या ऑपरेशनचे कागद, कानाची तपासणी झाली असेल तर तिचा रिपोर्ट कारण टाळूच्या मुलांच्या कानात पाणी साठतं आणि ऐकू कमी येतं, आधीच्या नेझोमीटरचा कागद, आणि फोनमध्ये मुलाच्या घरच्या नेहमीच्या बोलण्याचं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग. नवीन जागी मुलं गप्प बसतात, तेव्हा ते रेकॉर्डिंगच कामाला येतं.